जाड कागदाच्या चिठ्ठ्या

प्रकरण सतरा

कॉफी

कॉफी इतकी पातळ होती की कपाच्या तळाशी रंगवलेलं निळं फूल पाकळ्यांसकट दिसत होतं. तरीही कुणी तिला नावं ठेवली नाहीत, यावरूनच लिडियानं ओळखलं की आज भांडण होणार. एरवी तिची भावजय ओटिली पहिल्याच घोटाला म्हणायची, "लिडिया, कॉफीचा दाणा या किटलीवरून नुसता उडत गेला काय गं?" आज ओटिली गप्प. हातमोजेसुद्धा काढले नव्हते तिनं.

रविवार, अठराशे अठ्ठ्याण्णवच्या जूनची एकोणीस तारीख. आईला सत्तर पूर्ण झाली होती. ज्या टेबलावर आठवडाभर सिगार वळल्या जात, त्यावर आज पांढरी चादर होती आणि चादरीवर चक्क्याचा केक.

"कापा की," आई म्हणाली. "का आधी मतमोजणी करायचीय?"

कुणी हसलं नाही. ब्रूनो, लिडियाचा धाकटा भाऊ, कागदगिरणीतला मुकादम, मिशीचं टोक चघळत बसला होता. समोर आल्विन, लिडियाचा नवरा. तंबाखू कामगार संघटनेचा अध्यक्ष, सोशल डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार. एवढ्या पदव्या असूनही त्याची बोटं या क्षणी हातरुमालाची सिगार वळत होती. रिकामी बसणं त्या बोटांना ठाऊकच नव्हतं.

गेल्या गुरुवारी आल्विनला सात हजार बारा मतं पडली होती. गिरणीचे मालक ड्रेक्सेल यांना सात हजार दोनशे चाळीस. तिसरा कुणी वकील होता, तो वाहून गेला. निम्म्याहून जास्त कुणालाच नाहीत, म्हणून येत्या शुक्रवारी दोघांत फेरलढत.

आणि गिरणीच्या वसाहतीत मतदार दोनशे एकसष्ट. त्यातली आल्विनला अकरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या फाटकावर कामावरून काढलेल्यांची यादी लागली. अकरा नावं. बरोबर तीच अकरा. चुकून एक इकडचं तिकडे नाही. दुपारपर्यंत अकरा बिऱ्हाडं वसाहतीच्या रस्त्यावर गाद्या घेऊन उभी होती.

"ब्रूनो," लिडिया म्हणाली, "मला तुझ्याकडून कागद हवाय."

ओटिलीचा चमचा बशीवर वाजला.

"कसला कागद?"

"तुमचा मालक स्वतःच्या चिठ्ठ्या ज्यावर छापतो तो. तसाच जाड, तसाच गुळगुळीत."

"झालं!" ओटिली म्हणाली. "चक्क्याचा केक आहे असं कळलं तेव्हाच मी घरून निघताना म्हटलं, ब्रूनो, आज आपल्याला लोणी लावणार."

"केक मी केलाय," आई म्हणाली.

"तुम्हाला नाही म्हणत, आई."

"मग कुणाला म्हणतेस? टेबलावर केक एकच आहे."

मताची चिठ्ठी ज्या त्या उमेदवारानं आपापली छापायची, हा तर कायदाच. पांढरी असावी, बाहेरून खूण नसावी, घडी घालून अधिकाऱ्याच्या हातात द्यावी, अधिकाऱ्यानं ती भांड्यात टाकावी. आता वसाहतीत अधिकारी म्हणजे गिरणीचा हिशेबनीस पीच, आणि भांडं म्हणजे मालकाच्या घरून आलेलं सूपचं भांडं, झाकणावर चिनी मातीचा फ्लॉवर असलेलं. आल्विनच्या चिठ्ठ्या कांद्याच्या सालीसारख्या पातळ कागदावर छापलेल्या; पक्षाला तेवढंच परवडायचं. ड्रेक्सेलच्या चिठ्ठ्या गिरणीच्या पत्राच्या कागदावर. पीच चिठ्ठी घेताना अंगठा नुसता फिरवायचा. बाजूला कारकून पेन्सिल घेऊन बसलेला असायचा.

"म्हणजे पीचच्या अंगठ्याला कळायचं बंद होईल," लिडिया म्हणाली. "बस. एवढंच हवंय मला."

"एवढंच!" ओटिलीनं अखेर हातमोजे काढले, जणू आता हात मोकळे हवेत. "घर गिरणीचं. बकरी बांधते ती जागा गिरणीची. माझ्या वाटाण्याचे वेल ज्या कुंपणावर चढलेत ते कुंपण गिरणीचं. उद्या फाटकावर बारावं नाव लागलं म्हणजे आम्ही कुठे जायचं? या टेबलाखाली?"

"ओटिलीचं बरोबर आहे," आल्विन म्हणाला.

लिडियाला वाटलं, किटली उचलावी आणि याच्या डोक्यात घालावी. एकोणीस वर्षांच्या संसारात हा माणूस ऐन लढाईत शत्रूच्या बाजूनं बोलला नाही असं कधी झालं होतं?

"मामा फाटकावर मालकाच्या चिठ्ठ्या वाटतोच ना?" मेटा मधेच म्हणाली. सोळा वर्षांची मुलगी, बापाचा आवाज आणि आईची घाई. "मग आमच्याच वाट की! घडी घातलेली असते. कोण उघडून बघतंय?"

ब्रूनोला हसू फुटलं. आईसुद्धा हसली. आल्विननं मात्र रुमालाची सिगार खाली ठेवली.

"ज्याला ड्रेक्सेलला मत द्यायचंय, त्याच्या हातात गुपचूप माझं नाव कोंबायचं? ही चोरी झाली, मेटा. न कळता दिलेलं मत मला नको. एकही नको."

"मग हराल."

"हरू."

"घ्या! हरण्याची काय ती हौस," आई म्हणाली आणि सुरी हातात घेतली. पण केक कापला नाही. सुरीचं टोक ब्रूनोकडे केलं. "तू मला वाढदिवसाचं काय आणलंस रे?"

"शाल आणलीय ना, आई."

"जूनमध्ये शाल. बरं. मुकादमाला दर महिन्याला कात्रणाचा गठ्ठा मिळतो ना, चूल पेटवायला? कडा कापून उरलेला कागद?"

"मिळतो."

"जाड असतो?"

ब्रूनोनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं खिडकीकडे.

"मला जळण दे," आई म्हणाली. "सत्तर वर्षांची म्हातारी आहे, थंडी वाजते. लेकानं आईला जळण दिलं तर त्यात कोणत्या मालकाच्या बापाचं काय गेलं?"

आता कुठे तिनं केक कापला. पहिला तुकडा ओटिलीला दिला, मोठा, कडेचा, तिला आवडतो तसा.

ओटिलीनं तो खाल्ला नाही. पण निघताना रुमालात बांधून घेतला.

आणि ब्रूनो दारात थांबून, मागे न बघता, आल्विनला म्हणाला, "कागद सारखा झाला तरी काय होणार? फाटकापासून शाळेपर्यंत चिठ्ठी हात वर करून धरावी लागते. दोन्ही बाजूंना आम्ही मुकादम. चिठ्ठी बदलणार कधी?"

"शाळेच्या दारात काय करतोस तू, ब्रूनो?"

"काय करतो? आत जातो."

"त्याआधी?"

ब्रूनोनं विचार केला. मग त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "टोपी काढतो."

"टोपी काढायला वर धरलेला हात खाली येतोच," आल्विन म्हणाला. "टोपीत आधीच एक चिठ्ठी असली, तर दारामागच्या अंधाऱ्या बोळात कोणती बाहेर काढायची ते ज्याचं त्यानं ठरवावं."

भिंत (थोडं थांबून)

या घराच्या भिंतीवर लग्नाचा फोटो नाही. त्या जागी चौकटीत एक सरकारी कागद आहे, पक्षावर बंदी होती तेव्हाचा; त्यात आल्विन होयर, धंदा सिगार वळणे, याला तीन दिवसांत लाइपझिग शहर सोडण्याचा हुकूम आहे. चौकट लिडियानं बसवून घेतली. तेव्हा मेटा पोटात होती. "लग्नात फोटोवाल्यानं पाय कापले होते," ती पाहुण्यांना सांगते, "यात निदान पूर्ण नाव आहे."

चौकटीखाली खिळा आहे, त्याला टोपी. त्याच बंदीपायी झालेल्या तुरुंगातून आल्विन आला तेव्हा डोक्यावर तीच टोपी होती. नऊ महिन्यांनी दारात उभा राहिला आणि आत येईना. "काय झालं?" तिनं विचारलं. "आपल्या घराला तंबाखूचा वास येतो," तो म्हणाला आणि रडायला लागला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाला, कसला वास?

कागद

सोमवारी भर दुपारी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ब्रूनो ओरडला, "आई! तुझं जळण!"

हातगाडीवर एक नव्हे, चार गठ्ठे होते. चार महिन्यांचं एकदम मागून घेतलं, म्हणाला. आई आजारी आहे सांगितलं. आई खिडकीतून तत्काळ खोकली, आणि इतकी छान खोकली की शेजारीण काढा घेऊन आली.

मग जे सुरू झालं त्याला लिडिया पुढे आयुष्यभर 'आमची गिरणी' म्हणायची. पक्षाचा छापखानेवाला सोबती यंत्राला हात लावून म्हणाला, असा कागद या यंत्रानं जन्मात चाखला नाही. मंगळवारी छापून आलं. कापायचं, घडी घालायची, ड्रेक्सेलच्या चिठ्ठीची असते तशीच दुहेरी, नखानं दाबून. संघटनेच्या सहा बायका आल्या. टेबलाभोवती कोपराला कोपर लागत होतं. सगळ्या सिगार वळणाऱ्या. त्यांच्या बोटांपुढे कागदाची काय मिजास!

"वाच गं, मेटा," कुणी तरी म्हणालं.

कारण हातांनी काम करायचं आणि कानांनी शिकायचं ही या धंद्याची रीत. सिगारच्या खोलीत एक जण वर्तमानपत्र वाचतो आणि त्याच्या वाट्याच्या सिगार बाकीचे वळतात. आल्विन अकराव्या वर्षी खोलीत आला, विणकराचा पोर; बाराव्या वर्षी वाचायला बसला, कारण त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई. सहा वर्षं तो वाचत होता आणि चाळीस माणसं त्याच्यासाठी वळत होती. पुढे तो सभांत बोलला, संपात बोलला, न्यायाधीशापुढे दोन तास बोलला. लोक म्हणत, काय वक्ता आहे! तो म्हणे, अहो, चाळीस माणसांचं काम अंगावर आहे, तेवढं फेडतोय.

मेटा वाचत होती. बायका घड्या घालत होत्या. संध्याकाळी आल्विन सायकलवरून आला. चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकलेली सायकल, दोन्ही गुडघ्यांवर तिच्या सह्या. आठ गावं करून आला होता, घसा बसलेला. त्यानं एक चिठ्ठी घेतली, डोळे मिटले, अंगठा फिरवला. मग खिशातून ड्रेक्सेलची काढली, तिच्यावर फिरवला. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी.

"लिडी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला कळत नाही! मलाच कळत नाही गं!"

आणि सहा बायकांदेखत त्यानं तिला कमरेला धरून गर्रकन फिरवलं. गठ्ठा सांडला. कुणी रागावलं नाही.

रचून ठेवायला खोकी हवी होती. घरात रिकामी खोकी मुबलक होती, सिगारचीच. देवदारी, सुबक, चिठ्ठीच्या मापाची. जणू त्यासाठीच केलेली. झाकणं लावली. कोपऱ्यात तंबाखूची पोती होती, त्यांच्या आड ठेवली.

वास

गुरुवारी दुपारी ओटिली आली. एकटीच, आगंतुक. केकचा रुमाल परत करायला, म्हणाली. धुऊन, इस्त्री करून.

"बस ना."

ती बसली नाही. लिडियाला तिचा चेहरा वेगळा दिसला, ओढलेला. मग एकाएकी बोलायला लागली.

"नळावर कुणी माझ्याशी बोलत नाही, ठाऊक आहे? मी गेले की बादल्या उचलून निघून जातात. शेजारच्या माग्दाचं घर रिकामं झालं ना, त्या अकरातलं. सगळ्यांना वाटतं, नावं ब्रूनोनं दिली. मुकादम ना तो! कुणाला सांगू की तो पीचचा अंगठा होता? माझ्या बकरीला काल कुणी तरी दगड मारला. बकरीनं कुणाला मत दिलंय?"

 लिडिया उठली आणि पोत्यांमागून एक खोकं काढलं. "बघ तरी," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचं जळण."

तिनं झाकण उघडलं. ओटिली वाकली आणि झटक्यात मागे सरली.

"अगं बाई!"

"काय?"

"अगं, वास!"

"कसला वास?"

ओटिली बघतच राहिली. मग तिनं दुसरं खोकं उघडलं, तिसरं उघडलं, एक चिठ्ठी नाकाशी धरली आणि शिंकली. "लिडिया, या चिठ्ठ्यांना तंबाखूचा वास येतोय! नुसता दर्प! पीचला अंगठा कशाला लागतोय? नुसतं नाक पुढे केलं तरी पुरे!"

लिडियानं चिठ्ठी हुंगली. काही नाही. कागद. मेटाला हाक मारली. मेटानं हुंगली, काही नाही. आई म्हणाली, मला तर छान कोऱ्या कागदाचा येतोय. तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. या घरात कुणालाच तो वास येत नव्हता. त्यातच जन्मले होते, त्यातच मुरले होते.

ओटिली हसू लागली. भीती, राग आणि हसू एकदम आलं की होतं तसं. मग एकदम थांबली.

"रिकामी खोकी आहेत अजून?" तिनं विचारलं.

"आहेत. का?"

"सहा दे. आणि तंबाखूची मूठभर पानं."

"कशाला हवीत?"

"बकरीला," ओटिली म्हणाली. खोकी ओच्यात घेतली, एक चिठ्ठीही उचलली आणि निघून गेली.

तासाभरानं आल्विन आला. त्याला सांगितलं, तेव्हा तो पायरीवरच बसला. मागच्या परसात तोपर्यंत चिठ्ठ्या चादरींवर पसरल्या होत्या, वाऱ्याला. वास गेला की नाही, हे सांगायला मात्र घरात एकही नाक नव्हतं.

"एक चिठ्ठी घेऊन गेली?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि खोकी."

"हो."

दोघांच्या मनात तेच आलं. ते बोलून दाखवलं मेटानं. "मामी ती मालकाला नेऊन दाखवेल. घर वाचेल तिचं."

"ओटिली तसं करणार नाही," आई म्हणाली. रविवारी जिच्याशी भांडली तिचीच बाजू घेत.

"तसं करो न करो," आल्विन म्हणाला. आवाज बसलेला, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ. "वसाहतीत आपल्या चिठ्ठ्या वाटायच्या नाहीत. बाकी गावांत वाटू. अकरा बिऱ्हाडं माझ्या पातळ कागदानं रस्त्यावर आणली. आता वासानं दोनशे आणू?"

"वसाहतीवाचून तू हरशील, आल्विन."

"मग पुढच्या वेळी. मी हरायला शिकलोय, लिडी. त्यांची पोरं उपाशी राहायला शिकलेली नाहीत."

लिडियाला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्हींपैकी आधी काय आलं हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

कुंपणाशी (शुक्रवार, सकाळचे सहा)

"लिडिया. अगं ए लिडिया!"

"ओटिली? इतक्या सकाळी?"

"तो कुठेय?"

"पाचलाच सायकल घेऊन गेला. वरच्या गावांना."

"बरं झालं. वाटा."

"काय?"

"चिठ्ठ्या. वसाहतीत वाटा, सगळ्या. बायकांनी न्याहारीच्या डब्यात घालून न्याव्यात, रुमालाखाली."

"पण वास—"

"काही विचारू नकोस. वाटा म्हणते ना."

"ओटिली, तू काय केलंस?"

"मी? मी झोपले होते. लिडिया, तुझी कॉफी वाईट असते, पण मी दर रविवारी पिते ना? मग एकदा तू माझं ऐक."

आल्विनला विचारायला वेळ नव्हता, असं लिडिया पुढे तीस वर्षं सांगत राहिली. वेळ होता. मेटाला सायकलच्या वाटेवर पळवता आलं असतं. लिडिया कुंपणाशी दोनशे मोजेपर्यंत उभी राहिली. तिच्यापुढे ओटिलीचा चेहरा होता, पहाटेचा, डोळ्यांखाली काळं, नाक शिंकून शिंकून लाल झालेलं.

ते लाल नाक पाहून तिनं ठरवलं.

सूपचं भांडं

वसाहतीची शाळा. उकाड्यानं खिडक्या उघड्या. बायकांना आत जाऊन मत द्यायची परवानगी नव्हती, आणि अजून वीस वर्षं सात महिने मिळायची नव्हती. म्हणून लिडिया खिडकीखाली दगडावर उभी होती, चवड्यांवर. शेजारी ओटिली, हातात बकरीचा दोर. बकरी चारायला बंदी नव्हती.

बाराची शिट्टी झाली. फाटक उघडलं. माणसांची रांग येऊ लागली, प्रत्येकाचा उजवा हात वर, बोटांत पांढरी चिठ्ठी, दोन्हीकडे मुकादम. फाटकापाशी गठ्ठा हातात घेऊन ब्रूनो उभा. दोनशे हात हवेत. जणू सगळ्यांना एकच प्रश्न विचारलाय आणि उत्तर सगळ्यांना येतंय.

शाळेचं दार आलं. टोप्या निघाल्या.

पहिला म्हातारा क्लेम. पीचनं चिठ्ठी घेतली. अंगठा फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला. त्याच्या कपाळावर आठी आली. लिडियाला वाटलं, आपलं काळीज त्या आठीत सापडलंय.

"टाका की," क्लेम म्हणाला. "पोळते का?"

पीचनं चिठ्ठी टाकली. दुसरी आली. अंगठा. तिसरी. अंगठा. मग त्यानं चौथी उचलली, वर नेली आणि नाकाखाली धरली.

लिडियानं ओटिलीचा दंड पकडला. बकरी ओरडली.

पीचच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्यानं कारकुनाकडे पाहून मान हलवली. कारकुनानं नावापुढे टिंब दिलं. पाचवी. हुंगली. टिंब. सहावी. टिंब. सातवी, टिंब, आठवी, टिंब, टिंब, टिंब. एकेक टिंब म्हणजे एकेक गादी रस्त्यावर.

"ओटिली," लिडिया कुजबुजली. "सगळ्यांच्याच चिठ्ठीला येतोय. सगळ्यांच्या."

"हं," ओटिली म्हणाली. "येऊ दे."

"अगं, पण ते सगळे आपले नाहीत! तो बघ, लँगर, तो तर मालकाचं शेपूट! त्यालाही टिंब?"

"हं."

तेव्हा लिडिया दगडावरून खाली उतरली. ओटिलीचं लाल नाक. सहा खोकी. मूठभर पानं. मालकाच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी फाटकावर वाटायला कुणाच्या घरी येतात? मुकादमाच्या.

"अगं बाई," ती म्हणाली.

"वर चढ," ओटिली म्हणाली. "खरी गंमत चुकेल."

आत साठावं टिंब पडलं होतं. कारकून घाबरला होता. यादीत जागा कमी पडू लागली होती. पीचचं हसू मावळलं होतं. तो आता एकेक चिठ्ठी दोनदा हुंगत होता, आधी एका नाकपुडीनं, मग दुसऱ्या. आणि त्याच वेळी दार मोकळं झालं, सगळे बाजूला सरले. खुद्द ड्रेक्सेल आले. फाटकापासून मागोमाग आलेल्या ब्रूनोनं दारात वाकून त्यांना गठ्ठ्यातली एक चिठ्ठी दिली.

"आपली, साहेब."

ड्रेक्सेलनी ती पीचच्या हातात दिली. आणि पीच, त्या बिचाऱ्याला सवयच लागली होती, मालकाची चिठ्ठी नाकाशी घेऊन गेला.

हुंगली.



"काय हुंगताय, पीच?" ड्रेक्सेल म्हणाले. "मी काय मासळी आहे?"

मागच्या रांगेत कुणी तरी फिसकलं. मग दुसरा. मग सगळी शाळा. क्लेम इतका हसला की त्याला बाकावर बसवावं लागलं. पीचनं स्वतःची बोटं हुंगली, मग बाही, मग सूपच्या भांड्याचं झाकण. "तंबाखू, साहेब," तो पुटपुटला, "सगळ्यालाच..."

"तर मग ओढणं कमी करा," ड्रेक्सेल म्हणाले आणि बाहेर पडले.

कारकुनानं रबर काढलं. खिडकीतून लिडियाला ते स्पष्ट दिसलं. पहिल्या नावापासून तो खोडायला लागला.

मोजणी

सहाला मतदान संपलं. ऊन अजून छपरांवर होतं. साडेसातला वसाहतीच्या वळणावर सायकल दिसली, आल्विन एका हातानं चालवत होता आणि दुसऱ्यानं टोपी फिरवत होता. त्याला तर दोन हातांनीही धड जमत नसे. म्हणून तो फाटकापर्यंत पोचला नाहीच. ओटिलीच्या वाटाण्याच्या वेलांत जाऊन पडला.

"एकशे एकोणिसानं!" वेलांतून आवाज आला. "एकशे एकोणीस मतांनी! लिडी! वसाहतीत एकशे त्र्याहत्तर! कसं? मी तर वाटायच्या नाहीत म्हणालो होतो!"

"माझे वाटाणे," ओटिली म्हणाली. पण ती हसत होती, आणि तिच्या कुंपणाशी नळावरच्या चार बायका बादल्या ठेवून उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं आल्विनला हात देऊन उठवलं आणि दुसरीनं, काही न बोलता, ओटिलीचे मोडलेले वेल पुन्हा काठीला बांधायला घेतले.

लोक जमू लागले. वरच्या गावांचे, सिगारवाले, कागदवाले, त्या अकरांतलेही. कुणी गाणं सुरू केलं. आल्विनला खांद्यावर घेतलं. तो बोलायला गेला आणि आवाजच फुटेना. बर्लिनच्या संसदेत निवडून गेलेल्या माणसाचं पहिलं भाषण म्हणजे एक घोगरी शिंक. त्यावर टाळ्या पडल्या. त्यानं मेटाकडे बोट केलं. मग मेटाच बोलली, त्याच्या वतीनं. शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. पहिलं वाक्य होतं, आधी ते अकरा. त्यांना घरं मिळेपर्यंत या गावात कुणी शांत झोपायचं नाही.

लिडिया भावाला शोधत होती. तो घरामागे, बकरीच्या खोपटाशी, एकटाच बसला होता. बाजूला सहा रिकामी खोकी. तो त्यांच्या बारीक ढलप्या काढत होता, चुलीसाठी.

"आत ये की. सगळे बाहेर नाचतायत."

"नाचू दे."

"ब्रूनो, काल तुझ्या घरात काय झालं, तुला माहीत होतं?"

"मला? मी गाढ झोपलो होतो." त्यानं ढलपी मोडली. "फक्त झोपेत शिंकत होतो."

ती त्याच्याजवळ बसली. लहानपणी बसायची तशी, गुडघ्याला गुडघा लावून. समोरून गाणं येत होतं. मालक उद्या काय करेल, तिला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं. पण मालकालाही काही ठाऊक नव्हतं, आणि या वसाहतीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तू स्वतः कुणाला दिलंस?"

ब्रूनोनं बहिणीकडे पाहिलं. मिशीखाली काही तरी हललं. मग त्यानं हातातली शेवटची ढलपी हुंगली, डोळे मिटून, अगदी पीचसारखी.

"कळत नाही," तो म्हणाला. "यासाठीच तर एवढा खटाटोप केला ना, लिडी?"